लांब पल्ल्याचा सायकलमार्ग आखताना साधन कसे निवडावे

अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या रेडीपर्यंत सायकलने जाण्याचा मार्ग, मार्ग शोधून देणाऱ्या चार वेगवेगळ्या साधनांना (म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळांना) विचारला, तर चार वेगळी उत्तरे येऊ शकतात. एखादे साधन वडखळ गाठून सरळ राष्ट्रीय महामार्ग 66 धरायला सांगेल, एखादे मुरूडपर्यंत समुद्राच्या कडेने नेऊन तिथून म्हसळ्याच्या बाजूने लांबचा वळसा घालायला लावेल, एखादे आगरदांड्याची खाडी फेरीबोटीने ओलांडेल पण दाभोळला अडेल, आणि एखादे सगळ्या खाड्या बरोबर ओलांडून मध्येच आंब्याच्या बागेतल्या कच्च्या गाडीवाटेवर आणून सोडेल. यातले चांगले साधन कोणते, असा प्रश्न नवख्या सायकलस्वाराला पडतो आणि बहुतेक वेळा तो ॲपला मिळालेले तारे पाहून किंवा मित्राच्या सांगण्यावरून निवड करतो. वस्तुतः ही चारही साधने त्यांच्याजवळच्या माहितीला आणि त्यांना घालून दिलेल्या नियमांना धरूनच उत्तर देत असतात. वेगळी असते ती माहिती आणि वेगळे असतात ते नियम. म्हणून साधन निवडण्याआधी ते रस्ता कसा निवडते, हे समजून घेणे फार उपयोगाचे ठरते.

संगणकाच्या दृष्टीने रस्त्यांचा नकाशा म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. जिथे दोन रस्ते मिळतात तो बिंदू आणि दोन बिंदूंमधला रस्त्याचा तुकडा ही रेषा. प्रत्येक तुकड्याला एक किंमत लावलेली असते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या तुकड्यांची बेरीज जिथे सर्वांत कमी होते, तो मार्ग साधन आपल्यापुढे ठेवते. अशी सर्वांत कमी बेरीज शोधण्याची पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने 1959 मध्ये प्रसिद्ध केली आणि आजची बहुतेक मार्गदर्शक साधने तिच्याच सुधारित रूपांवर चालतात. बेरीज करण्याचे हे काम सगळीच साधने उत्तम करतात. खरा प्रश्न आहे तो तुकड्याची किंमत कशी लावली, हा.

मोटारीसाठी ही किंमत म्हणजे मुख्यतः लागणारा वेळ. रुंद, चौपदरी महामार्गावर वेळ कमी लागतो, म्हणून तो स्वस्त. सायकलस्वारासाठी मात्र तोच महामार्ग महाग असायला हवा, कारण तिथे कंटेनर आणि एस.टी. अंगाला चाटून जातात आणि महामार्गावर सायकलीचा वेग काही वाढत नाही. समजा, एखाद्या साधनाने महामार्गाच्या प्रत्येक किलोमीटरची किंमत गावरस्त्याच्या तिप्पट धरली, तर महामार्गाचे 20 किलोमीटर टाळण्यासाठी ते गावागावांतून जाणारा 55 किलोमीटरचा रस्ताही पसंत करेल. दुसऱ्या साधनाने हीच किंमत दीडपट धरली, तर ते महामार्गावरूनच नेईल. चढाचेही असेच असते. एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे 40 मीटर अंतर असा हिशेब ठेवला, तर दीडशे मीटर उंचीच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) चढण्याची किंमत सहा किलोमीटरने वाढते, आणि पाच किलोमीटरचा वळसा घालून तो सडा टळत असेल तर साधन वळसा घेते. पाठीवर फक्त पाण्याची पिशवी घेऊन रोडबाइकवर निघालेल्याला आणि पॅनियरमध्ये (सायकलला अडकवायच्या पिशव्यांमध्ये) पंधरा किलो सामान भरून निघालेल्याला चढाची ही किंमत सारखी कशी असेल? त्यामुळे माझ्या मते साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की या किमती मला पाहता येतात का, आणि निदान काही प्रमाणात बदलता येतात का.

या बाबतीत बीराउटर हे मुक्त स्रोत साधन सर्वांत मोकळे आहे. त्यातली प्रत्येक किंमत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. ती फाइल कोणीही वाचू शकतो आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो. अँड्रॉइड फोनवर ते इंटरनेटशिवायही चालते. मात्र त्याचे रूप रूक्ष आहे आणि तयार सोयी थोड्या आहेत. कोमूटमध्ये रोडबाइक, टूरिंग, ग्रॅव्हल असे प्रकार निवडता येतात, पण त्या प्रकारांमागचे आकडे दिसत नाहीत. राइड विथ जीपीएसमध्ये मार्ग ओढूनताणून हवा तसा वळवण्याची सोय फार चांगली आहे; म्हणून 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) आयोजित करणारी अनेक मंडळे आपले मार्ग त्यातच आखून सहभागींना देतात. गुगल मॅप्सवरचा दुचाकीचा पर्याय भारतात डिसेंबर 2017 मध्ये आला, पण तो मोटारसायकलींसाठी आहे. नावातल्या ‘दुचाकी’मुळे तो सायकलीसाठी वापरणारे पुष्कळ जण भेटतात, तेव्हा हे स्पष्ट सांगितलेले बरे.

किमतीइतकाच महत्त्वाचा आहे तो मूळ नकाशा. कोमूट, स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस, बीराउटर, ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स ही नावे वेगवेगळी असली तरी या सगळ्यांच्या मुळाशी बव्हंशी एकच नकाशा आहे, तो म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा उपक्रम जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्यात प्रत्येक रस्त्याला त्याचा दर्जा, पृष्ठभाग, सायकलीला परवानगी आहे की नाही, अशी माहिती जोडता येते. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये ही माहिती बारकाईने भरलेली आढळते. आपल्याकडच्या ग्रामीण भागात बरेच रस्ते उपग्रहचित्रावरून रेषा ओढून नकाशात आलेले आहेत. रस्ता तिथे आहे हे खरे, पण तो डांबरी आहे, खडीचा आहे की जांभ्याच्या मुरमाचा, याची नोंद नसते. नोंद नसली की साधन अंदाज बांधते, आणि प्रत्येक साधनाचा अंदाज वेगळा. कोकणात साधन एखाद्या पाणंदीवर किंवा बागेच्या वाटेवर नेते ते बहुतेक या कारणाने. ‘पृष्ठभाग अज्ञात’ असलेला भाग जे साधन वेगळ्या रंगात दाखवते, ते यासाठीच जवळ असावे. कोमूट आणि राइड विथ जीपीएस दोन्हीकडे अशी फोड पाहायला मिळते, आणि मार्ग आखून झाल्यावर तो अज्ञात भाग तेवढा उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासायचा, हे काम एका संध्याकाळचे आहे. गुगलचा स्ट्रीट व्ह्यू 2022 मध्ये भारतात सुरू झाल्यापासून काही रस्ते तर प्रत्यक्ष पाहताही येतात.

नकाशातली एक बारीकशी उणीव किती मोठा घोळ घालते, हे दाभोळच्या खाडीवर फार स्पष्ट दिसते. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला दाभोळ आणि दक्षिणेला धोपावे. मध्ये पाण्याचा पट्टा जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरचा असेल. फेरीबोटीत गाड्या, सायकली, माणसे चढतात आणि थोड्याच वेळात पलीकडे उतरतात. आता साधनाच्या नजरेतून पाहिले तर ही फेरीबोट म्हणजे पाण्यावरून जाणारी एक रेषा आहे. तिचे एक टोक दाभोळच्या जेट्टीवरच्या रस्त्याला आणि दुसरे धोपाव्याच्या रस्त्याला नेमके चिकटलेले असेल, तरच ती मार्गाचा भाग होऊ शकते. एका टोकाला पाच मीटरची फट राहिली, तरी साधनाच्या लेखी तिथे वाट नाही, आणि मग ते चिपळूणवरून वळसा घालायला सांगते, जो शंभर किलोमीटरहून अधिक भरतो. काही साधनांच्या नियमांत फेरीबोट जाणूनबुजून महाग ठेवलेली असते, कारण तिची वाट पाहण्यात वेळ जातो. तिथे नकाशा बरोबर असूनही वळसा निघू शकतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, तवसाळ ते जयगड या साऱ्या ठिकाणी हीच तपासणी करावी लागते. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर नवे पूल बांधण्याची योजना पुढे सरकते आहे, तसतसा एक उलट प्रश्नही येणार आहे: बांधकाम चालू असलेला पूल कोणी उत्साहाने नकाशात पुरा झाला म्हणून नोंदवला, तर साधन अर्धवट पुलावर नेऊन उभे करील.

यावर उपाय दोन. पहिला तातडीचा: बहुतेक साधनांमध्ये रस्त्याला न चिकटता दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढण्याची सोय असते, जेट्टीपासून जेट्टीपर्यंत अशी रेषा ओढून पुन्हा रस्त्यावरची आखणी चालू ठेवावी. ही सोय ज्यात नाही, ते साधन कोकणासाठी घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. दुसरा उपाय थोड्या दीर्घ पल्ल्याचा आणि मला अधिक प्रिय: ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून ती फट स्वतः बुजवावी. काही दिवसांत किंवा आठवड्यांत ही दुरुस्ती त्या नकाशावर चालणाऱ्या साधनांत उतरते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या कामी येते.

साधन आपल्या भागात कितपत भरवशाचे आहे, हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा मार्ग त्याला विचारणे. शिवडीहून उरणला जाण्याचा सायकलमार्ग मागावा. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या सुमारे 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवर मोटारसायकललाही मज्जाव आहे, मग सायकलीची गोष्टच नको. तरीही साधन सेतूवरून नेत असेल, तर एक तर त्याच्या नकाशात बंदीची नोंद नाही किंवा त्याच्या नियमांत तिला महत्त्व नाही. पनवेल ते लोणावळा विचारून ते द्रुतगती मार्गावर चढवते की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ठेवते, हेही पाहावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी समृद्धी महामार्गावर हीच परीक्षा घ्यावी. आपल्या नेहमीच्या फेरीचा चाळीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता, ज्यावरचा प्रत्येक खड्डा आणि चहाची टपरी माहीत आहे, तोही विचारून पाहावा. त्यात साधनाने केलेली निवड कळली की अनोळखी मुलखातल्या त्याच्या निवडीकडे कोणत्या नजरेने पाहायचे, ते कळते.

चढाच्या आकड्यांकडे विशेष सावधपणे पाहावे लागते. एकाच मार्गाचा एकूण चढ एक साधन 900 मीटर सांगते आणि दुसरे 1,300, याचे कारण समजले नाही तर माणूस दोन्हींवरचा विश्वास गमावतो. उंचीची माहिती बहुतेक ठिकाणी उपग्रहांवरून किंवा अंतराळयानावरून केलेल्या मोजणीतून येते. त्यातली सर्वांत प्रसिद्ध मोजणी फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानावरून अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने झाली. तिच्यातून मिळालेला उंचीचा नकाशा सुमारे 30 मीटरच्या चौकोनांचा आहे, म्हणजे तेवढ्या चौकोनाला एकच उंची. शिवाय रडारला दाट झाडीत जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची दिसते. आता आरे-वारेसारखा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र असलेला रस्ता डोळ्यांसमोर आणावा. रस्ता सपाट असला, तरी आखलेली रेषा एका क्षणी डोंगराच्या चौकोनात आणि दुसऱ्या क्षणी पाण्याच्या चौकोनात पडते, आणि साधनाला तिथे सतत चढ-उतार दिसतात. दर दोनशे मीटरला फक्त एक मीटरचा खोटा चढ धरला, तरी 80 किलोमीटरच्या टप्प्यात 400 मीटर वाढतात. ही खोटी भर काढण्यासाठी साधने उंचीचा आलेख गुळगुळीत करून घेतात, आणि कोण किती गुळगुळीत करते यावर अंतिम आकडा ठरतो. फार केले तर कोकणातले खरे छोटे चढही पुसले जातात. बोगद्याच्या जागी तर साधनाला डोंगराचा माथाच दिसतो. कशेडीच्या बोगद्यातून जाणारी रेषा आखली आणि आलेखात अचानक सुळका उभा राहिला, तर तो या कारणाने.

म्हणून वेगवेगळ्या साधनांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकच साधन धरावे, आपण पूर्वी केलेले दोन-तीन मार्ग त्यात घालावेत, आणि तेव्हा पाय किती दुखले होते त्याच्याशी नव्या मार्गाची तुलना करावी. एकूण चढापेक्षाही आलेखाचा आकार अधिक बोलका असतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे 40 किलोमीटरमध्ये साधारण 1,300 मीटरची उंची गाठायची असते. सरासरी चढ तीन टक्क्यांच्या आसपास, लांबलचक पण एकसारखा, हलक्या गिअरवर लय धरून चालवण्याजोगा. किनाऱ्याच्या रस्त्यावर 80 किलोमीटरच्या टप्प्यात एकूण चढ हजार मीटरच्या पुढे सहज जातो, पण तो अगदी वेगळ्या रीतीने: खाडीच्या पातळीवरून शंभर-दीडशे मीटर सड्यावर चढायचे, वर मोकळ्या जांभ्यावरून उन्हात काही किलोमीटर काढायचे आणि पुन्हा पुढच्या खाडीला उतरायचे, असे दिवसभर. या चढांत दहा टक्क्यांहून तीव्र तुकडे वारंवार येतात. दोन्हीकडचा एकूण आकडा जवळपास सारखा दिसला, तरी सामान लादलेल्या सायकलवर हे दोन दिवस अजिबात सारखे नसतात. ज्या साधनात आलेखाच्या कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवून तेवढ्याच भागाची लांबी आणि तीव्रता पाहता येते, ते साधन आखणीसाठी उत्तम.

प्रत्यक्षात त्या रस्त्याने कोणी सायकलस्वार गेले आहेत का, हे पाहण्यासाठी स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवण्याच्या ॲपचा उष्मानकाशा उपयोगी पडतो. लोकांनी नोंदवलेल्या फेऱ्या एकावर एक ठेवून तो तयार होतो. जिथे वर्दळ जास्त तिथे रेषा उजळ. पुण्याभोवती आणि मुंबईच्या उपनगरांत तो लख्ख उजळलेला असतो, रायगड-रत्नागिरीच्या आतल्या गावांत अंधुक. तो स्ट्राव्हा वापरणाऱ्यांचाच नकाशा आहे, हे त्यामुळे विसरू नये. शाळेत आणि शेतावर सायकलने जाणारी माणसे त्यात येत नाहीत. तरी खाड्यांच्या बाबतीत त्याचा मोठा आधार मिळतो, कारण फेरीबोटीत बसल्यावर बरेच जण नोंद थांबवत नाहीत आणि त्यांची रेषा थेट पाण्यावरून जाते. अशी रेषा दिसली की तिथून सायकली पार होतात, एवढे नक्की. याच उष्मानकाशामुळे जानेवारी 2018 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या लष्करी तळांची जागा उघड झाल्याची चर्चा जगभर झाली होती. आपल्या घराच्या आसपासचा भाग नोंदीतून लपवण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी.

मुक्कामाच्या आणि जेवणाच्या सोयींसाठी मात्र गुगल मॅप्सला तोड नाही. खानावळ, लॉज, सायकल दुरुस्तीचे दुकान, त्यांचे फोन नंबर आणि कोणी अलीकडे टाकलेले फोटो तिथे जेवढे मिळतात, तेवढे ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्याकडे अजून नाहीत. पण गुगल मॅप्स आखलेला मार्ग थेट जीपीएक्स फाइलच्या (मार्ग साठवण्याच्या फाइलच्या) रूपात देत नाही. त्यामुळे ठिकाणे तिथे शोधायची आणि मार्ग दुसरीकडे आखायचा, अशी कामाची वाटणी करावी लागते.

ही जीपीएक्स फाइल नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण सगळ्या साधनांची ती समाईक भाषा. तिच्यात मार्ग दोन प्रकारे साठवता येतो. ‘ट्रॅक’ या प्रकारात ठिपक्यांची दाट माळ असते आणि फोन किंवा सायकलचा कॉम्प्युटर (हँडलवर लावायचे छोटे मार्गदर्शक यंत्र) ती जशीच्या तशी दाखवतो. ‘रूट’ या प्रकारात मोजकेच थांबे असतात आणि त्यांच्यामधला रस्ता ते यंत्र आपल्या नकाशावरून, आपल्या नियमांनी नव्याने शोधते. घरी बसून दाभोळची फट टाळून, महामार्ग चुकवून काळजीपूर्वक आखलेला मार्ग रूट म्हणून पाठवला, तर यंत्र तो पुन्हा चिपळूणवरून नेऊ शकते. म्हणून फाइल नेहमी ट्रॅक म्हणून घ्यावी आणि यंत्रातील ‘मार्ग आपोआप पुन्हा शोधा’ हा पर्याय बंद ठेवावा. साधन घेताना अशी फाइल विनामूल्य बाहेर काढता येते का, हेही पाहावे. कंपन्यांचे मालक आणि अटी बदलतात. जर्मनीत सुरू झालेली कोमूट मार्च 2025 मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्स या कंपनीने विकत घेतली, तेव्हा वर्षानुवर्षांचे मार्ग तिथेच साठवलेल्या अनेकांना पुढे काय होणार याची चिंता वाटली. आपले मार्ग आपल्या संगणकावरही असले की ही चिंता राहत नाही.

रस्त्यावर सोबत नेण्यासाठी सायकलचा खास कॉम्प्युटर असलाच पाहिजे असे नाही. फोनमधील जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून घेतला आणि जीपीएक्स त्यात उघडली, की रेंज नसलेल्या भागातही काम चालते. बॅटरी खातो तो मुख्यतः पडदा आणि कमकुवत रेंजमध्ये टॉवर शोधत राहणारा फोन. विमान मोड लावून पडदा फक्त वळणावर उघडला, तर साधा फोनही दिवस काढतो. पावसात आणि भर उन्हात मात्र कॉम्प्युटरचा पडदा फोनपेक्षा खूप बरा दिसतो आणि ओल्या बोटांनी बटणे दाबता येतात. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेही अनेक दिवस चालवणाऱ्याने तो घ्यावा. वर्षाकाठी एखादा प्रवास करणाऱ्याने तेच पैसे चांगल्या टायरांवर घालावेत.

काही गोष्टी यातले कोणतेच साधन सांगत नाही. फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता, पावसाळ्यात ती बंद आहे का, दरड कोसळून घाट बंद आहे का, हे जेट्टीवर, मुक्कामाच्या ठिकाणी किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करूनच कळते. साधनाने दाखवलेला वेळ हा ठरीव वेगावर काढलेला असतो. त्यात बोटीची वाट पाहणे, दुपारी सावलीत घालवलेले दोन तास आणि पंक्चर धरलेले नसते. त्यामुळे दिवसाचा टप्पा ठरवताना शेवटची खाडी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पार होईल, असा बेत करावा आणि एकच लांबलचक फाइल न ठेवता प्रत्येक दिवसाची वेगळी फाइल करावी. तिच्या नावात दिवस, सुरुवात आणि मुक्कामाचे गाव असावे, खाडीच्या दोन्ही जेट्ट्यांवर खुणेचे बिंदू टाकावेत, आणि फेरीबोट बंद असल्यास घ्यायच्या वळशाची दुसरी फाइलही त्याच ठिकाणी ठेवावी. निघण्याआधी या सर्व फायली घरच्या एका व्यक्तीला आणि सोबतच्या प्रत्येकाला पाठवून, त्यांच्या फोनवर त्या खरोखर उघडतात की नाही, हे एकदा समोर बसून पाहून घ्यावे.